रिमॅप शहरात, धूर घाटात, बिल तिसऱ्याच्या नावावर

बालाघाट : गाडी नागपूरला किंवा आणखी मोठ्या शहरात न्यायची, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा आणि दोन-तीन तासांत ताकद वाढवून परत निघायचं. थार, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांच्या मालकांना हे काम आता नवलाचं राहिलेलं नाही. कोणी त्याला रिमॅप म्हणतं, कोणी ट्यूनिंग. जुनी मंडळी ‘चिप बसवली’ म्हणतात, जरी बहुतेक वेळा चिप वगैरे काही बसत नाही, आतलं सॉफ्टवेअर तेवढं बदलतं. खर्च साधारण वीस ते चाळीस हजारांच्या घरात.

काम करणारा शहरात राहतो. गाडी मात्र गंगुलपाराच्या घाटात, बैहर-परसवाड्याच्या जंगलरस्त्यांवर आणि लांजीकडच्या धानाच्या बांध्यांमधून चालते. बिघाड झाला तर तो इथे होतो. दोन-तीन वर्षांत गाडी विकली, की तो बिघाड तिसऱ्याच माणसाच्या अंगणात जाऊन उभा राहतो. सीमेवरच्या जिल्ह्यात, जिथे एमएच पासिंगच्या जुन्या गाड्या सर्रास एमपी-50 होतात, तिथे या तिसऱ्या माणसाचा विचार आधी करायला हवा.

आधी हे काम नेमकं काय ते पाहू. आजच्या डिझेल इंजिनात किती इंधन, कधी आणि किती दाबाने सोडायचं, टर्बोने हवा किती कोंबायची, हे ईसीयू नावाचा कंप्युटर ठरवतो. कंपनीने त्यात तक्ते भरलेले असतात. इतक्या आरपीएमला ॲक्सिलरेटर इतका दाबला तर इतकं डिझेल, असा तो हिशेब. कंपनी हे तक्ते हात राखून भरते. राजस्थानचा उन्हाळा, लडाखची विरळ हवा, खराब डिझेल, सर्व्हिसिंग टाळणारा मालक, धुराचे नियम आणि वॉरंटीचा खर्च, हे सगळं त्यात धरलेलं असतं. ट्यूनर तो राखलेला हात सोडतो. टर्बो इंजिनात त्याने खरंच फरक पडतो. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात फारसं काही हाती लागत नाही. मुक्की गेटवरच्या जुन्या जिप्सीला कोणी रिमॅप सुचवला तर त्याला सरळ नमस्कार करावा.

2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आलेल्या थारचं 2.2 लिटर डिझेल इंजिन 130 हॉर्सपॉवर आणि 300 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. रिमॅपनंतर यात वीस टक्क्यांच्या आसपास वाढीचा दावा केला जातो आणि तो अगदीच हवेतला नसतो. ट्यूनर लोकांचा आवडता युक्तिवाद असा, की याच 2.2 लिटरच्या घराण्याचं इंजिन स्कॉर्पिओ-एनमध्ये 132 पीएस आणि 175 पीएस अशा दोन रूपांत मिळतं, मग थारमध्येच ते दाबून का ठेवायचं? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अर्धा आहे. घराणं एक म्हणून सगळे सुटे भाग एकच असतात असं नाही. जास्त ताकदीचं रूप देताना कंपनी टर्बो, कूलिंग, गिअरबॉक्स आणि धूर साफ करणारी यंत्रणा त्या ताकदीला जुळवून घेते. रिमॅपमध्ये ताकद वाढते, बाकीची मंडळी जिथल्या तिथे राहतात.

आता चिखलाची गोष्ट. या जिल्ह्यात फोर-बाय-फोर घेणारे सगळेच हौशी नाहीत. ठेकेदार आहेत, राइस मिलवाले आहेत, खाणीच्या कामावर जाणारे आहेत. पावसाळ्यात गाडी बांधीत रुतते तेव्हा तिला ताकद कमी पडते असं समजलं जातं. बहुतेक वेळा ते खरं नसतं. थारमध्ये फोर-लो टाकलं की चाकांवर येणारा जोर त्याच गिअरमधल्या नेहमीच्या जोराच्या जवळपास अडीच पट होतो. त्याच्यापुढे रिमॅपचे वीस टक्के म्हणजे आमटीत चिमूटभर मीठ. चिखलात कमी पडते ती पकड, आणि पकड टायरकडून येते. उलट रिमॅपमध्ये ॲक्सिलरेटर बहुधा तिखट केलेला असतो. पाय जरा हलला की गाडी उसळते. हायवेवर त्याची मजा येते, पण ओल्या मुरमाच्या चढावर, जिथे चाक इंच-इंच फिरवायचं असतं, तिथे तोच तिखटपणा चाक घुमवून खड्डा खोल करतो. त्यामुळे चिखलासाठी पैसे घालायचे तर ते आधी चांगल्या टायरांत घालावेत. हे मिस्त्री लोकही सांगतात, पण टायर कोणाला दाखवता येत नाहीत आणि वाढलेले घोडे सांगता येतात, हीही एक अडचण आहेच.

घाटात मामला वेगळा. माणसं आणि सामान भरून बैहरकडे चढताना रिमॅप केलेली गाडी खरोखर सुखाची वाटते. गिअर कमी बदलावे लागतात, ट्रकला ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागत नाही. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत क्लच भरतो. क्लच कंपनीच्या टॉर्कला थोडी सवड ठेवून बनवलेला असतो, आणि रिमॅपचा सगळा भर कमी आरपीएमवरच असतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी ओढत ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय असेल, तर आधी आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही. मग वास येतो. मे महिन्यात, हवाच तापलेली असताना, टर्बो आणि इंटरकूलरवरही ताण येतो. हळू चालणाऱ्या गाडीला समोरून वारा कमी मिळतो, म्हणून जंगलरस्त्यावरचे दहा किलोमीटर हायवेवरच्या पन्नासपेक्षा इंजिनाला जड जाऊ शकतात.

ज्यांच्या गाड्या रिमॅपनंतरही वर्षानुवर्षं नीट चालतात, त्यांची पद्धत साधी असते. ऑइल कंपनीच्या मुदतीआधी बदलायचं, चढ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन सावकाश चालू देऊन मग बंद करायचं, मोठ्या गिअरमध्ये ओढायचं नाही. म्हणजे ताकद घेतली तरी ती रोज वापरायची नाही. हे ज्याला जमतं त्याला रिमॅपची तितकीशी गरज नव्हती, असंही म्हणता येईल.

पैशाचा हिशेब मांडून पाहू, कारण विकताना ‘मायलेज वाढेल’ हे वाक्य हमखास येतं. समजा गाडी वर्षाला 15,000 किलोमीटर चालते आणि लिटरमागे 12 चे 13 झाले. आधी 1,250 लिटर लागायचं, आता 1,154. वाचले 96 लिटर. डिझेल 93 रुपये धरलं तर वर्षाचे नऊ हजारही होत नाहीत. तीस हजारांचा रिमॅप वसूल व्हायला सव्वातीन वर्षांहून जास्त वेळ, तोही मालकाने नवी ताकद वापरायचा मोह टाळला तर. क्लच एकदा लवकर गेला की हा सगळा हिशेब पुसला जातो.

शिवाय 12 चे 13 झाले हे कळतं कशावरून? मीटरवरच्या आकड्यावरून. तो आकडा ईसीयूने सोडलेल्या इंधनाच्या स्वतःच्या अंदाजावर चालतो. काही मालक सॉफ्टवेअरला हात न लावता ‘ट्यूनिंग बॉक्स’ लावतात. ही डबी सेन्सरच्या वायरमध्ये बसते आणि इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला सांगते. ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पण त्याच्या वहीत नोंद जुन्याच हिशेबाने होते. म्हणजे जास्त पिणारी गाडी मीटरवर कमी प्यायलेली दिसते. खरं मायलेज टाकी दोनदा फुल करूनच कळतं. डबीचा एक गुण मात्र खरा, सर्व्हिसिंगला जाताना ती काढून ठेवता येते. रिमॅपचं तसं नाही. शोरूममध्ये नियमित सॉफ्टवेअर अपडेट झालं तर पैसे देऊन टाकलेला रिमॅप पुसला जाऊ शकतो, आणि तो होता याची खूण राहून वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

सगळ्यात नाजूक भाग धुराचा. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ ही काजळी धरणारी जाळी आली. ही जाळी भरली की इंजिन स्वतःच जास्त उष्णता तयार करून काजळी जाळतं. त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने, गरम राहून चालावी लागते. घरून शेत, शेतावरून बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते पूर्ण होत नाही. दिवा लागतो, पुन्हा लागतो, कधी न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळीच वाढते. हा त्रास खरा आहे आणि गावातल्या मालकाला तो शहरवाल्यापेक्षा जास्त होतो. मग कोणीतरी सुचवतं, रिमॅप करतोच आहेस तर जाळी पोकळ करून टाक, सॉफ्टवेअरमधून तिचा दिवाही बंद होतो. इथे मामला हौसेतून गुन्ह्यात जातो. खरा उपाय वेळखाऊ असला तरी फुकटचा आहे. महिन्यातून दोन-तीनदा गाडी अर्धा तास गोंदिया रोडला नीट पळवायची.

जाळी काढलेली गाडी पकडली का जात नाही? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. रिमॅपचा जास्तीचा धूर येतो तो भार ओढताना, चढावर. केंद्रावर भार नसतो. त्यामुळे घाटात काळं ओकणारी गाडी प्रमाणपत्र घेऊन फिरू शकते. खासगी गाडीची फिटनेस तपासणीही नोंदणीनंतर 15 वर्षांपर्यंत होत नाही. मध्य प्रदेशाने 1 जुलै 2024 पासून परिवहन नाके बंद केले, पण नाके होते तेव्हाही लक्ष मालवाहू गाड्यांवरच असायचं.

कायदा मात्र कडक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182-अ सांगतं, की नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. धुराच्या मानकांचं उल्लंघन झालं तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स गोठण्याची तरतूद वेगळी. ट्यूनर म्हणतात, आरसीत सॉफ्टवेअरचा रकानाच नाही, मग बदल कुठे झाला? पण आरसीत बीएस-6 लिहिलेलं आहे, आणि जाळी काढलेली गाडी बीएस-6 राहत नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे धुराशी संबंध नसलेली गोष्ट, ही समजूत फोक्सवॅगन प्रकरणात 2015 मध्येच मोडली. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर कंपनीने जगभरच्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत टाकलं होतं. भारतात पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीने इथल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मालकांनी स्वतः केलेल्या बदलांची मोजणी अमेरिकेत झाली. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये अंदाज दिला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली धूर नियंत्रण यंत्रणा काढली गेली. आपल्याकडे हौस नवी आहे, पण वाट तीच आहे.

आणि आता तो तिसरा माणूस. नागपूर किंवा गोंदियाची तीन वर्षांची थार इथल्या माणसाला चांगल्या भावात मिळते. विकणारा बऱ्याचदा रिमॅपबद्दल बोलत नाही, कधी त्यालाही माहीत नसतं, कारण तो स्वतः दुसरा मालक असतो. चालवून पाहताना गाडी भलतीच जोरदार वाटते आणि खरेदीदार खूष होतो. एनओसी येते, बालाघाट आरटीओत चेसिस नंबर, इंजिन नंबर जुळतात, गाडी एमपी-50 होते. दंडाचं कलम बदल करणाऱ्या मालकावर बोट ठेवतं, पण बदल कोणत्या मालकाच्या काळात झाला हे सॉफ्टवेअर पाहून ठरवणं सोपं नाही. रस्त्यावर पकडली जाईल ती आज ज्याच्या नावावर आहे त्याची गाडी. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावरून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला, तर भांडायचंही यालाच. आणि इथल्या मिस्त्रीचा स्कॅनर फॉल्ट कोड वाचतो. आतला तक्ता मूळचा की बदललेला, हे त्याला त्यावरून सांगता येत नाही.

ट्यूनरकडे मूळ फाइल जपून ठेवलेली असते. पहिल्या मालकाने ती विकण्याआधी परत टाकून घेतली तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो, आणि हे काम नवा रिमॅप टाकण्यापेक्षा अवघड नाही. खरेदीदाराने पैसे देण्याआधी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासून घ्यावी, डीपीएफ जागेवर आहे का ते खालून पाहावं, चढावर कोणाला तरी मागच्या गाडीत बसवून धूर बघायला सांगावा. सौदा कागदावर होतोच, त्यात ‘इंजिन सॉफ्टवेअर कंपनीचं मूळ आहे’ ही एक ओळ विकणाऱ्याच्या सहीने घालून घेता येते. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 मध्ये तसा रकाना नाही.