गाडीचा बयाणा आणि ताब्याचा वायदा

विजेवर चालणारी मोटार घ्यायची असे ठरवून आम्ही एका शोरूममध्ये बयाणा भरला. कंपनीचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. विक्रेत्याने ‘सहा आठवड्यांत गाडी दारात’ असे तोंडभरून सांगितले. गाडी आली पाचव्या महिन्यात. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून आम्ही जुनी गाडी आधीच विकून टाकली होती. त्यामुळे भिवंडीहून मुंबईच्या बाजारात कापडाचे नमुने न्यायचे तर प्रत्येक खेपेला भाड्याची टॅक्सी करावी लागली. शोरूममध्ये तकादा लावला की उत्तर ठरलेले, ‘साहेब, मागणी फार आहे.’

तीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. सणाच्या तोंडावर आमच्याकडेही मागणी वाढते. पण माल वेळेवर का गेला नाही, याचे खरे कारण मागणीत क्वचितच असते. ते सुतात, सायझिंगमध्ये किंवा रंगाईत कुठेतरी अडकलेले असते. मोटारीच्या धंद्यातही असेच असणार म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. तिचा सार आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. उद्या मालवाहू तीनचाकी असो, टेम्पो असो की घरची मोटार, विजेची गाडी घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येणार आहे.

मागणी आहे, पण तेवढेच नाही

मागणी मोठी आहे हे खोटे नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टाटांच्या टियागो या विजेच्या गाडीची नोंदणी सुरू झाली आणि एका दिवसात १०,००० गिऱ्हाइकांनी बयाणा भरला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्र कंपनीने चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या दोन नव्या विजेच्या गाड्यांची नोंदणी उघडली. पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदी झाल्या. एका दिवसात इतकी गर्दी झाली तर शेवटच्या गिऱ्हाइकाला काही महिने थांबावे लागणार हे उघड आहे.

मात्र या रांगेत हवाही असते. बयाण्याची रक्कम लहान आणि परत मिळणारी असली की एकच माणूस दोन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवतो. जिथे गाडी आधी मिळेल तिथे घेतो आणि बाकीच्या नोंदी रद्द करतो. म्हणून नुसता नोंदींचा आकडा ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. खरी अडचण रांगेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कारखान्यात आहे.

एका धाग्यासाठी माग उभा

बीम मागावर चढले आहे, कामगार हजर आहे, वीज आहे. पण बाण्याचे सूत आले नाही. अशा वेळी माग उभाच राहतो. नव्याण्णव वस्तू हाताशी असून शंभरावी नसेल तर कापड निघत नाही. मोटारीचा कारखाना याच नियमाने चालतो.

२०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी तो माल संगणक, फोन वगैरेंकडे वळवला. वर्षअखेरीस मोटारींची मागणी परत आली, तेव्हा हेच बडे कारखानदार रांगेत मागे उभे होते. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसास कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली. जुन्या पुरवठादाराला मंदीत सोडले की तेजीत तो आपल्याला ओळखत नाही, हा धडा सुताच्या बाजारात आम्ही फार पूर्वी शिकलो आहोत.

दुसरे उदाहरण कारागिरांना जवळचे वाटेल. गाडीतील तारांचा जुडगा आजही बराचसा हातानेच बांधावा लागतो. यंत्राला ते काम नीट जमत नाही. युरोपातील अनेक गाड्यांचे जुडगे पश्चिम युक्रेनमधील कामगार बांधीत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला, जुडगे येईनासे झाले आणि जर्मनीतील त्स्विकाऊ येथील फोक्सवॅगनचा विजेच्या गाड्यांचा कारखाना मार्चमध्ये काही दिवस बंद ठेवावा लागला. अब्जावधींची यंत्रसामग्री हाताने बांधलेल्या तारांवाचून उभी राहिली.

यंत्रावर फाजील भरवसा ठेवल्यानेही असेच झाले. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने ३१ मार्च २०१६ रोजी ‘मॉडेल ३’ दाखवली. आठवडाभरात सुमारे ३,२५,००० लोकांनी प्रत्येकी १,००० डॉलर भरले. २०१७ च्या अखेरीस दर आठवड्याला ५,००० गाड्या काढू असा वायदा होता. प्रत्यक्षात त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळून जेमतेम १,५५० गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती पडल्या. बॅटरी जोडणारी यंत्रेच नीट चालत नव्हती. अतिरेकी यांत्रिकीकरण ही चूक झाली, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये मान्य केले. कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून जोडणीची आणखी एक रांग उभारली, तेव्हा कुठे जून २०१८ च्या अखेरीस तो आकडा गाठता आला.

सेल आणि चुंबक

विजेच्या गाडीतला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी. बॅटरीतले सेल आपल्या देशात अजून पुरेसे बनत नाहीत; ते मुख्यतः चीनमधून येतात. सेल हा घाईचा मालही नव्हे. तयार झालेला सेल कारखान्यातच हळूहळू चार्ज करून, काही दिवस ठेवून, पारखूनच बाहेर काढावा लागतो. आज मागणी वाढली म्हणून उद्या दुप्पट सेल काढता येत नाहीत. नवा कारखाना उभा करायचा तर काही वर्षे जातात. २०२१ साली केंद्र सरकारने देशात सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण योजना कागदावर येणे आणि माल बाजारात येणे यांत मोठे अंतर असते.

दुसरी नस आहे मोटरमधल्या चुंबकाची. उष्णता सोसणाऱ्या या चुंबकात डिस्प्रोसियमसारखी दुर्मीळ धातुद्रव्ये घालावी लागतात आणि जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशी सात द्रव्ये व त्यांची चुंबके निर्यात करण्यावर परवान्याची अट घातली. माल लष्करी कामाला जाणार नाही याचे दाखले आपल्या आयातदारांना द्यावे लागू लागले आणि महिनोन्‌महिने अर्ज पडून राहिले. ऑगस्टमध्ये विजेच्या वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २०२५ मध्ये दिला. मुठीत मावेल एवढ्या वस्तूने एवढा मोठा कारखाना अडवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातच चुंबके बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली. हे योग्यच झाले; पण त्या चुंबकांची वाट पाहावी लागणार आहे.

महाग माल आधी

आता एक गोष्ट जी शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही. सेल मोजकेच असतील तर कारखानदार ते कोणत्या गाडीत घालील? ज्या गाडीत नफा जास्त, तिच्यात. टेस्लाने ३५,००० डॉलर किंमत सांगून नोंदणी घेतली. पण त्या किमतीची गाडी विक्रीला आली ती २०१९ मध्ये. तोवर महाग गाड्याच निघत होत्या. महिंद्रच्या वर सांगितलेल्या गाड्यांतही सर्वांत वरचा प्रकार मार्च २०२५ पासून देण्याचे ठरले आणि सर्वांत स्वस्त प्रकार ऑगस्टपासून. महिंद्रने हा क्रम आधीच जाहीर केला होता, म्हणून त्यात दोष काढता येणार नाही. दोष तेव्हा येतो जेव्हा जाहिरात स्वस्त गाडीची असते, गाडी महाग निघते आणि साध्या गिऱ्हाइकाला तारीख कुणी सांगत नाही.

थांबण्याचा भुर्दंड

थांबण्याचा भुर्दंड गिऱ्हाइकालाच बसतो. जर्मनीत विजेच्या गाडीवरचे सरकारी अनुदान गाडीची सरकारदरबारी नोंद झाल्यावर मिळे, ऑर्डर दिल्यावर नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने एका दिवसाची सूचना देऊन ते बंद केले. ज्यांची गाडी कारखान्यातच होती त्यांचे अनुदान गेले. काही कंपन्यांनी ती रक्कम आपल्या खिशातून भरून दिली. त्यांच्या या इमानदारीची दाद दिली पाहिजे.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१६ साली काही भारतीयांनीही ‘मॉडेल ३’साठी हजार डॉलर भरले होते. ती गाडी येथे आलीच नाही. नऊ वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, कंपनीने ते पैसे परत करायला सुरुवात केली आणि जुलैमध्ये मुंबईत शोरूम उघडले ते दुसऱ्याच गाडीचे!

बांधवांनी काय करावे

आमचे म्हणणे एवढेच की उशीर हा गुन्हा नाही, खोटा वायदा हा गुन्हा आहे. चार महिने लागतील असे सांगून चार महिन्यांत तागे पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्याला कुणी नावे ठेवत नाही. पंधरा दिवस सांगून दोन महिने लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. मोटार कंपन्यांनी प्रत्येक प्रकाराच्या गाडीचा अपेक्षित महिना बयाण्याच्या पावतीवरच छापावा, अशी आमची मागणी आहे. सेल किती येणार, कोणता प्रकार आधी निघणार हे त्यांना ठाऊक असते. अंधारात असतो तो गिऱ्हाईक.

ते होईपर्यंत काळजी आपणच घ्यावी. कोणता प्रकार, कोणता रंग, कोणत्या महिन्यात, हे लेखी घ्यावे. मधल्या काळात किंमत वाढली किंवा सवलत बंद झाली तर फरक कोण भरणार, आणि नोंद रद्द केल्यास बयाणा किती दिवसांत परत मिळेल, हेही लिहून घ्यावे. गाडी शोरूममध्ये येऊन चेसिस क्रमांक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम भरू नये. लेखी वायदा मोडला तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, पण तिथे कागद लागतो, जबान चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी गाडी दारात उभी राहीपर्यंत जुनी विकू नये. ज्याचा धंदाच गाडीवर आहे त्याने तर हे पक्के ध्यानात ठेवावे. आम्ही ही चूक केली आणि तिची किंमत टॅक्सीवाल्याला मोजली.