हौसेच्या सुतारकामात ग्राइंडर नको

सुट्टीच्या दिवशी मुलाने घरी स्टूल किंवा फळी बनवावी, ही हौस चांगलीच. मात्र चार इंची ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावण्याची जी खोड पडली आहे, तिला आमचा साफ विरोध आहे. हे यंत्र मुळात लोखंड घासण्या-कापण्याचे. मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. लाकडात पाते अडकले की यंत्र हातातून उसळते. त्यात मोठे पाते बसावे म्हणून काहीजण वरचे कव्हरही काढून टाकतात!

आम्ही कापडवाले, तरी सांगतो : फिरत्या पात्याजवळ सैल बाही, ओढणी नको, हातमोजेही नकोत. कापड गुंतले की पाठोपाठ हात ओढला जातो.

सुरुवातीला करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि शिकंजा पुरे. लाकूड आधी शिकंज्यात आवळावे, दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. पटाशीला धार हवीच. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि तेच निसटते.

हात बसल्यावर यंत्र जरूर घ्यावे, पण लाकडासाठीच बनवलेले. ग्राइंडरवर भागवून चार पैसे वाचतील. कारागिराच्या मुलाचे बोट गेले, तर उद्याची रोजी जाईल.