ब्लडी मेरी, मु. पो. कोपरगाव

शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून कोपरगावची गाडी पकडणारे आपल्यात कमी नाहीत. परतताना बॅगेत ठरलेला ऐवज असतो: शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि पेपरात गुंडाळलेले परसातले टोमॅटो. यातले अर्धे टोमॅटो भाजीत घाला, हरकत नाही. बाकीच्यांची जागा कॉकटेलच्या ग्लासात आहे, बॉस!

टोमॅटोचं कॉकटेल म्हणजे अर्थातच ब्लडी मेरी. पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमधून पुढे न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात गेलेला बारटेंडर फर्नांड पेतिओ म्हणायचा, कॉमेडियन जॉर्ज जेसेलनं नुसता टोमॅटोचा रस आणि व्होडका एकत्र केली, मीठ-मिरपूड-मसाला घालून तिला आजचं रूप दिलं ते मी. थोडक्यात काय, सार कुणाचं आणि फोडणी कुणाची, असलंच हे भांडण!

मग पबमधली ब्लडी मेरी एवढी फिकी का लागते? कारण ग्लासात बहुतेक वेळा पाकिटातला रस असतो. ताजा घेतला तरी बाजारातला टोमॅटो जेमतेम रंग धरताना तोडलेला असतो. क्रेटमधून लांबचा प्रवास सोसायचा तर तो टणकच हवा. मग आपण त्याला फ्रिजमध्ये कोंबतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की थंडीत टोमॅटोचा सुगंध घडवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही गेलेला वास पुरता परत येत नाही.

यात शेतकऱ्याचा काय दोष? ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक-औरंगाबादकडे किलोला दोन-तीन रुपये भाव मिळाला, तेव्हा शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये शहरांत तोच शंभरीपार गेला. दोन्ही वेळा बाजारानं मोजलं ते वजन. चवीचे पैसे कुणी देत नाही. म्हणून वेलावर लालबुंद पिकलेला टोमॅटो फक्त परसातच मिळतो.

ग्लासातला दुसरा पार्टनरही कोपरगावला परका नाही. गोदावरीच्या कालव्यावरचा ऊस, उसाची मळी, मळीचं अल्कोहोल, हे गणित इथे पोराटोरांनाही पाठ. आपल्याकडच्या बऱ्याच व्होडका मळीच्या किंवा धान्याच्या स्पिरिटच्याच असतात. (बाटली मात्र परवाना असलेल्या दुकानातलीच हं!)

दोघांसाठी

पिकलेले पाच-सहा टोमॅटो हातानं कुस्करून गाळणीतून दाबून घ्या. मिक्सर नको, फेस होतो आणि बिया भरडल्या जातात. बियांभोवतीचा बुळबुळीत गर मात्र सोडू नका, उमामी चव तिथेच सगळ्यात जास्त. त्यात एका लिंबाचा रस, चमचाभर चिंचेचा कोळ (वुस्टरशर सॉसमध्येही चिंच असतेच), काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि नखभर ठेचा. ९० मिली व्होडका घालून दोन ग्लासांत बर्फावर ओता. सेलरीच्या जागी कोथिंबिरीची देठासकट काडी. झालं!

व्होडका वगळली की हीच व्हर्जिन मेरी. आई-बाबांसमोर बिनधास्त ठेवा, ‘गार सार’ म्हणून खपून जाईल. महाराष्ट्रात व्होडकासाठी पंचविशी पूर्ण हवी आणि परवानाही. आणि ग्लास हातात घेतला की बाइकची किल्ली दुसऱ्याकडे, हे सांगायला नकोच.

फ्लॅटवाल्यांनो, हिरमुसू नका. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन येत असेल तर बारा इंची कुंडी, एक काठी आणि नर्सरीतून चेरी टोमॅटोचं रोप आणा. दोन-अडीच महिन्यांत पहिला राउंड तुमचा.

गावी घर असलेल्यांसाठी एक जास्तीचं काम. हल्ली घराचं काम काढलं की पहिला बळी परसाचा जातो. पेव्हर ब्लॉक बसतात, कार उभी राहते आणि टोमॅटो मंडईतून यायला लागतात. पुढच्या वीकेंडला घरी हा विषय निघाला, तर दोन वाफ्यांपुरती माती तेवढी मागून घ्या. कार काय, गल्लीतही उभी राहते. चिअर्स!