गाडी अंगाला बसली पाहिजे

शिंपी आधी माप घेतो, मग कात्री उचलतो. चपलेच्या दुकानात आपण सात नंबर, आठ नंबर असे सांगतो. चांगल्या सायकलच्या दुकानातसुद्धा हल्ली उंची विचारून लहान-मोठी फ्रेम काढून देतात. अडीच-तीन लाखांची मोटारसायकल घेताना मात्र आपली उंची, हाताची लांबी, कंबरेचे जुने दुखणे यातले काही कोणी विचारत नाही. रंग कोणता, हप्ता किती, विमा कोणाचा, एवढे विचारून किल्ली हातात मिळते. पुढे दहा वर्षे शरीराने गाडीशी जुळवून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून हा विषय टाळणे अवघड. आकुर्डीने या देशाला स्कूटर दिली. चाकणमधून आज बजाजच्या गाड्या निघतात, केटीएमच्या निघतात, ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या निघतात. कावासाकीची जुळणीही इथेच होते. गेल्या दहा-बारा वर्षांत या पट्ट्यात ‘स्पोर्ट टूरर’ गाडीचे वेड वाढले आहे. रेसच्या गाडीची चपळाई आणि लांब पल्ल्याला लागणारी बैठक यांची सांगड घातलेली ही गाडी. शनिवारी पहाटे माळशेजला नाहीतर ताम्हिणीला निघालेले घोळके दिसतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने मुंबईकडे जाणारे जुन्या महामार्गाने लोणावळा गाठतात. आणि सोमवारी सकाळी त्यातले काही जण बाह्यरुग्ण विभागात माझ्यासमोर बसलेले असतात. बोटांना मुंग्या, मानेत उसण, कंबर धरलेली.

माझे मत सरळ आहे. यातल्या बऱ्याच जणांना गोळीच्या आधी पाना लागतो.

गाडीला आपले शरीर तीन ठिकाणी टेकते: हँडल, सीट आणि पायाची खुंटी. या तीन बिंदूंचा त्रिकोण कसा आहे, यावर मणक्याचा सारा हिशेब चालतो. हँडल खाली आणि लांब असेल तर पाठ गोल होते, पुढे बघण्यासाठी मान मागे मोडावी लागते, आणि त्या मोडलेल्या मानेवर सव्वा ते दीड किलोचे हेल्मेट असते. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक अल्फ नॅकेम्सन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरतो, असे त्यांना आढळले. १९९९मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून हेच पुन्हा पाहिले. सैल, सरळ बसल्यावरचा दाब उभे राहण्याइतकाच, किंबहुना किंचित कमी निघाला. पण बसून पूर्ण पुढे वाकल्यावर तो दीडपटीहून अधिक झाला. म्हणजे बसणे हा गुन्हा नाही, तासन् तास वाकून बसणे त्रासाचे आहे. म्हणून हँडल वीस-पंचवीस मिलिमीटर वर आणि थोडे मागे आणणारे ‘रायझर’ हा माझ्या दृष्टीने शौक नाही. कंबरेचा पट्टा विकत घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी शहाणपणाचा. (पट्ट्यावर माझा फारसा विश्वास नाही. पाठीचे काम पट्टा करू लागला की पाठ ते विसरते.)

माझ्या स्वतःच्या गाडीला, तीही चाकणचीच, मी रायझर बसवले, सीटचा फोम बदलून घेतला आणि काच थोडी उंच केली. बाकी गाडी कारखान्यातून आली तशी आहे. आमच्या गटातली तरुण मुले याला ‘मॉडिफिकेशन’ मानायला तयार नाहीत. त्यांच्या लेखी सायलेन्सरचा आवाज वाढला तरच गाडी सजली.

आता बोटांच्या मुंग्यांचे. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर होतात. कंपन कमी करायला आत तोलदांडा असला तरी उरलेली थरथर हँडलमधून तळहातात येते. गाडीवरून उतरल्यावरही हात गुणगुणत राहतात ते यामुळे. २०२१मध्ये अॅपल कंपनीने आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती, की मोठ्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट जोडू नका, कंपनाने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते. फोनची एवढी काळजी घेतली गेली. त्याच हँडलवर चार तास असलेल्या मनगटाची कोणी घेत नाही.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात, हे मी रुग्णाला आधी विचारतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. शरीराचा भार हातांवर पडतो आहे. हँडल वर घ्या, गुडघ्यांनी टाकी धरा, पोटाच्या स्नायूंनी धड तोला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटातल्या बोगद्यातली मीडियन नस. तिथे बहुतेक वेळा क्लच आणि ब्रेकच्या दांड्या वर उचललेल्या असतात आणि बोटे त्यांवर ठेवताना मनगट सतत मागे मोडलेले राहते. बोल्ट ढिला करून दांडी थोडी खाली फिरवली, की कोपरापासून बोटांपर्यंत रेष सरळ होते. दहा मिनिटांचे काम आहे आणि पैसे लागत नाहीत. हँडलच्या टोकाला थोडे जड वजन लावले तर थरथर कमी होते, जाडसर ग्रिपनेही होते. पण मुठी आवळून गाडी धरणाऱ्याला यातले काही उपयोगी पडत नाही, कारण पकड जितकी घट्ट तितके कंपन हाडात जास्त उतरते. आणि हे सगळे करूनही रात्री झोपेत मुंग्यांनी जाग येत असेल तर गाडीला दोष देत बसू नका. मधुमेह आणि थायरॉईड तपासून घ्या. चाळिशीच्या पुढे गाडीने फक्त आधीच दाबलेल्या नसेची चुगली केलेली असते.

सीटबद्दल लोकांचा एक गैरसमज पक्का असतो: मऊ सीट म्हणजे आरामाची सीट. दुकानात अंगठ्याने दाबून बघतात आणि खूश होतात. पण फार मऊ फोम अर्ध्या तासात बसतो, मग ओटीपोटाखालची दोन टोकदार हाडे थेट पाट्यावर येतात. सीट थोडी कठीण, मागे रुंद आणि साधारण समतल हवी. पुढे उतरती सीट असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे घसरतो आणि मांड्यांच्या मधल्या नाजूक भागावर, तिथल्या नसांवर दाब येतो. पुरुष रुग्ण ही तक्रार दार लोटून घेतल्यावर सांगतात. खाली बधिर झाल्यासारखे वाटते आणि उतरून चार पावले चालले की जाते, असे असेल तर सीटचा उतार बदलून घ्यावा, बरे वाटते.

पण इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, म्हणून जरा थांबतो. जो भाग सीटला टेकतो तिथला बधिरपणा गाडीवरून उतरूनही जात नसेल, सोबत दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा असेल, लघवी अडकत असेल किंवा कळत नसेल, तर चकती सरकून मणक्याच्या तळाचा नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. वैद्यकशास्त्रात या बधिरपणाला खोगिराचेच नाव आहे, योगायोगाने. तो त्याच दिवशी रुग्णालयात येण्याचा आजार आहे. अशा वेळी ‘लांब राईड झाली म्हणून असेल’ असे म्हणत दोन दिवस मलम चोळले, तर मूत्राशयावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

माकडहाडाजवळचे नाडीव्रणाचे दुखणेही याच घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये त्याचा इतका सुळसुळाट झाला, की डॉक्टरांनी त्याला ‘जीप रोग’ असे नावच दिले. खडबडीत रस्त्यावर कठीण सीटवर उसळत केलेला प्रवास, घाम, अंगावरचे केस. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याने रोज जाणाऱ्याला हे वर्णन परके वाटू नये.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर एक छोटे गणित. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या धक्क्यांना सर्वात जास्त साथ देते. त्या गतीला कणा स्वतःच झुलू लागतो. रस्त्यावर दर अडीच मीटरला एक उंचवटा आहे आणि गाडी ताशी चाळीस किलोमीटरने चालली आहे असे धरा. सेकंदाला साडेचार धक्के झाले. म्हणजे आपल्या खराब रस्त्यांवरचा आपला नेहमीचा वेग नेमका मणक्याला नको असलेल्या पट्ट्यात बसतो. युरोपीय संघाने २००२मध्ये कामगारांच्या अंगाला दिवसभरात किती कंपन बसू द्यायचे याची मर्यादा कायद्याने ठरवली. आपल्याकडे पाठीवर खोके घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या पोराच्या बाबतीत असा विचार व्हायचा आहे.

कानांकडे तर अगदीच दुर्लक्ष. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ताशी शंभरच्या आसपास ९५ डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतो आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ला एकच तास. लोणावळा ते कोल्हापूर किती तास लागतात ते मोजा. उंच काच लावल्याने छातीवरचा वारा थांबतो, पण तिची वरची कड नेमकी हेल्मेटच्या पातळीला आली तर घोंगावणारा वारा डोक्यावर आदळतो आणि आवाज उलट वाढतो. काच विकत घेण्याआधी मित्राची लावून बघावी. फोमचे बोळे काही रुपयांना मिळतात. ते वाऱ्याचा गोंगाट दाबतात, ट्रकचा भोंगा ऐकू येतो.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो टँकबॅगेतल्या वेदनाशामक गोळ्यांचा. कंबर दुखेल म्हणून निघण्याआधीच एक डायक्लोफिनॅक घेणारे लोक आहेत. वर जाकिटात घाम, इंजिनची धग मांडीला, आणि वाटेत थांबायला नको म्हणून पाणी कमी. कोरड्या पडलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, कापल्याचे प्रमाणपत्र देणारी एक अमेरिकी संघटना आहे आणि आपल्याकडचेही अनेक जण ते मिळवतात. त्यांच्या जिद्दीला नमस्कार. डॉक्टर म्हणून मला तो खेळ पटत नाही. सीट कितीही चांगली करा, पहाटे चारला मेंदू झोपतोच.

बदल करताना दोन पथ्ये. हँडल वर घेतल्यावर ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये. नाहीतर घाटातल्या वळणावर हँडल वळवताच इंजिन स्वतःहून उठते. दुसरे कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केले आहे. कंपनीने मान्य केलेले सुटे भाग वापरणे हा बिनघोर मार्ग.

कंपन्यांनीही इथे हातभार लावावा. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीची १५२च्या. केटीएम ३९० अॅडव्हेंचर २०२०मध्ये आली तेव्हा तिची सीट जमिनीपासून ८५५ मिलिमीटर उंच होती. पुढे ८३० मिलिमीटरची आवृत्ती निघाली. बजाजने डॉमिनार ४००ला २०२१मध्ये कारखान्यातूनच काच, हातांचे आडोसे आणि सामानाची चौकट लावून द्यायला सुरुवात केली. म्हणजे जमते. मग सीटच्या तीन उंच्या आणि हँडलच्या दोन जागा दुकानातच का मिळू नयेत? गाडी ताब्यात देताना हार घालून फोटो काढण्यात वेळ जातोच. त्यातली वीस मिनिटे ग्राहकाला गाडीवर बसवून दांड्या, आरसे, स्प्रिंग त्याच्या मापाने लावण्यात घालवली तर पुढच्या कित्येक तक्रारी माझ्यापर्यंत येणार नाहीत.

या गाड्या जोडणारे हात मात्र बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवरून कामाला जातात. भोसरीहून, मोशीहून, राजगुरुनगरहून, पाळी बदलताना, मागे एक सहकारी बसवून. त्यांनी रायझर आणि काच घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या गाडीच्या मागच्या दोन शॉक-अॅब्सॉर्बरवर खाली एक खाचांची कडी असते. एकट्यासाठी सैल, मागे माणूस असेल तर घट्ट, अशा पाच-एक खाचा. गाडी घेतल्यापासून ती फिरवलीच नाही, असे दहातले नऊ जण मला सांगतात. मागे रोज ऐंशी किलोचा माणूस बसतो आणि कडी पहिल्याच खाचेवर, म्हणून प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग तळाला जाऊन आपटते आणि उरलेला धक्का कंबर घेते. भरीला मायलेज वाढावे म्हणून टायरमध्ये हवा ठासून भरलेली. हवेचा आकडा मागच्या चाकाजवळच्या किंवा साखळीवरच्या पत्र्यावरील चिठ्ठीवर छापलेला असतो, एकट्याचा वेगळा आणि दुकट्याचा वेगळा. कडी फिरवायचा पाना कोपऱ्यावरच्या कुठल्याही मेकॅनिककडे मिळतो. दोन्ही बाजूंना खाच सारखी ठेवायला सांगा.