डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे

गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून फोन आला. जळगावहून आम्हीच हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या सहा महिन्यांच्या बाळाचे वडील बोलत होते. शस्त्रक्रिया पार पडली होती. पण बाळाला लघवी होत नव्हती आणि डॉक्टर डायलिसिससाठी सही मागत होते. मागून आजीचा आवाज आला, "आते पोऱ्यानं काय व्हई?" गावातल्या एका गृहस्थाचे वर्षानुवर्षे चाललेले डायलिसिस त्या घराने पाहिले होते. सही व्हायला दोन तास गेले.

त्या दोन तासांचा दोष मी त्या कुटुंबाला देत नाही. तो आम्हा पाठवणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

वाचकहो, मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडे कायमची निकामी होणे वेगळे आणि शस्त्रक्रियेनंतर ती काही दिवस मंदावणे वेगळे. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवून त्याचे काम हार्ट-लंग मशीनकडे देतात. त्या वेळी आणि नंतर हृदयाचा जोर कमी असेपर्यंत मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते. लघवी घटते, अंगावर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते, व्हेंटिलेटर सुटत नाही. रक्तातले पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. अशा वेळी थांबून पाहणे धोक्याचे असते.

पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम ४०० मिलिलिटर. मोठ्या माणसांसारखे ते बाहेर काढून यंत्रातून फिरवणे अवघड. म्हणून तान्ह्या बाळांत बहुधा पोटाचे डायलिसिस करतात. पोटात एक मऊ नळी बसवून तिच्यातून साखर व क्षार असलेले द्रावण सोडतात; सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे साधारण १० मिलिलिटर. अर्धा-पाऊण तासाने ते बाहेर काढतात. पोटाच्या आतील पातळ पडद्यातून जादा पाणी व दूषित द्रव्ये त्यात उतरतात. मोठे यंत्र लागत नाही. नळी तुंबणे, गळणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, पण ते सांभाळता येतात.

डायलिसिस लागणारी बाळे मुळातच अत्यवस्थ असतात. सगळी वाचतात असे मी म्हणणार नाही. परंतु जी वाचतात, त्यांतील बहुतेकांची मूत्रपिंडे काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात आणि नळी निघते. आमच्या त्या बाळाला चौथ्या दिवशी लघवी सुटली. आता ते घरी आहे.

आपल्याकडे पैशाची वाट थोडी मोकळी झाली आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत बाळे तपासून हृदयविकार शोधतात. पण कागदपत्रे पूर्ण करून देताना 'डायलिसिस' हा शब्द कुणी उच्चारत नाही. माझे मत असे, की तो मुंबईच्या अतिदक्षता विभागाबाहेर मध्यरात्री नव्हे, तर गाडीत बसण्यापूर्वी जळगाव-धुळ्यातच, आई-वडील आणि आजी यांना एकत्र बसवून, त्यांच्या बोलीत सांगितला पाहिजे. अर्धा तास पुरतो.

परत आल्यावरही काम संपत नाही. तीन महिन्यांनी आणि पुढे सांगितल्याप्रमाणे रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्या. आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टर गाठा, आणि आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक औषध मनाने देऊ नका. ज्या मूत्रपिंडांनी एकदा सोसले आहे, त्यांना दुसऱ्यांदा सोसायला लावू नका.