वाचलेले तेरा तास कुणाचे?

मैत्रिणींनो, कोपऱ्यातलं पायमशीन आता जुनाट वाटतं ना? पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायकांचा अख्खा दिवस त्यानं बदलला. १८६१ च्या सुमारास तिथल्या एका मशीन कंपनीनं हिशेब मांडला: पुरुषाचा शर्ट हातानं शिवायला चौदा तासांहून जास्त, मशीनवर सव्वा तास. (हिशेब विकणाऱ्याचा, थोडा फुगवलेलाही असेल!) मशीन महाग, म्हणून सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कनं १८५६ मध्ये ते हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. आपल्या टीव्ही-फ्रिजच्या हप्त्यांचा पणजोबाच म्हणा.

मग वाचलेले तेरा तास गेले कुठे? घरात झालरी-चुण्यांची हौस वाढली, ते ठीक. पण पोटासाठी शिवणाऱ्या बाईला मजुरी नगावर. शर्ट भराभर व्हायला लागले तसा नगाचा दर उतरला. दोरा आणि मशीनचा हप्ता मात्र बहुतेकदा तिच्याच पदरचा.

म्हणून यंत्राचं कौतुक मला अर्धंच वाटतं. आजही फॉल-पिको, गाऊन नगावर घेणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. मोटारीचं नवं मशीन घेण्याआधी ठेकेदाराला दर विचारा. आणि एकटीनं नको, गल्लीतल्या चौघीजणी मिळून विचारा.