धारवाडचा अर्ज आणि ‘खुल्या’ शाळांची दंतकथा

‘इंग्रजांनी शाळा सर्वांना खुल्या केल्या’ हे वाक्य इतक्या सहजपणे उद्धृत केले जाते की त्याची तपासणी कोणी करीत नाही. ती धारवाडपासून करावी लागते.

जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारच्या उत्तराचा आशय असा: तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, परंतु त्याला घेतल्यास शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची उरणार नाही, सबब प्रवेश नाही. अन्याय ओळखूनही तो कायम राखणाऱ्या या राज्यकर्त्यांना उदार कसे म्हणावे? १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी असल्याचे ठरवले खरे. पण १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेले भीमराव आंबेडकर वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसत होते.

ठरावाने प्रवेश ही मेहेरबानी मानली होती, आणि मेहेरबानी गावाच्या सोयीने आवरती घेता येते. जोतीराव फुल्यांनी हाच पाया उखडला. त्यांनी थॉमस पेन वाचला होता. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना जन्मतः स्वतंत्र घडवले आहे, ही त्यांची भूमिका मान्य केली की हक्क राजाच्याही आधीचा ठरतो. (फुल्यांनीही १८५२ मध्ये महार-मांगांसाठी वेगळी शाळा काढली, असा आक्षेप नेहमी येतो. एकही दार उघडे नसताना काढलेली शाळा आणि दार बंद ठेवता यावे म्हणून काढलेली शाळा एकाच मापाने मोजता येत नाही.)

शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळाच बंद केल्या आणि मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम दिला. वेगळी शाळा मुळातच विषम असते, हे सांगायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९५४ उजाडले.

मात्र हुकमाला हद्द असते. परभणी जिल्ह्यातील चारठाणा, प्राचीन मंदिरांचे गाव, निजामाच्या राज्यात होते. मुंबईचा ठराव तेथे लागू नव्हता, शाहूंचा हुकूमही नव्हता. तेथील मुलाच्या हाती राज्यालाही बांधणारा हक्क आला तो २६ जानेवारी १९५० रोजी. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २९(२) ने सरकारी वा सरकारी मदतीच्या शाळेत केवळ जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. धारवाडच्या अर्जाला तोवर ९३ वर्षे लोटली होती, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते साताऱ्याचे तेच विद्यार्थी.